मिठाच्या कणकेच्या शोभेच्या वस्तू: उन्हात तडकतात, पावसाळ्यात ओल धरतात

बालाघाट (लातूर)

सर्वांना नमस्कार. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी मुलगी (इयत्ता चौथी), धाकटा मुलगा (मोठा शिशुवर्ग) आणि शेजारची मुले यांना घेऊन मी घरी मैदा, मीठ आणि पाणी एकत्र मळून शोभेच्या वस्तू करवून घेतल्या. शाळांतून ज्याला ‘सॉल्ट डो’ म्हणतात, तीच ही मिठाची कणीक. पाने, फुले, मासे, छोटे मोर, नावाची अक्षरे असे बरेच काही मुलांनी हौसेने केले. दुकानातली रंगीत क्ले महाग पडते आणि डबी उघडी राहिली की वाळून वाया जाते. त्या मानाने हा प्रकार स्वस्त आणि मुलांना रमवणारा वाटला.

अडचण वाळवण्यापासून सुरू झाली. घरी ओव्हन नाही. मे महिन्यात आमच्या गच्चीवर उन्हाला तोटा नसतो, म्हणून सगळ्या वस्तू पापडांच्या शेजारीच प्लॅस्टिकच्या कागदावर मांडल्या. संध्याकाळपर्यंत त्या वरून कडक झाल्या, परंतु मोठ्या वस्तूंना मधोमध तडे गेले, पातळ पानांच्या कडा वर वळल्या आणि एका जाड माशाची पाठ फुटली तेव्हा आतली कणीक चक्क ओली निघाली. ज्या वस्तू धडधाकट राहिल्या त्या पोस्टर रंगाने रंगवून बैठकीत टांगल्या. मृगाचा पाऊस लागला आणि त्यांना घाम फुटल्यासारखे पाणी सुटू लागले, रंगावर पांढरी पूड आली, आणि दोरा ओवलेल्या छिद्रापाशी मऊ पडून एक फूल खाली आले.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. यंदा मुखवट्यांमागच्या आराशीत मुलांच्या हातची फुले आणि तोरण लावावे असा विचार आहे, आणि सासूबाईंनीही त्याला होकार दिला आहे, ही आमच्या घरात लहान गोष्ट नाही. तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की तडे नेमके कशाने जातात, पावसाळ्याच्या दिवसांत वस्तू वाळवाव्यात कशा, आणि वाळल्यानंतर त्यांनी पुन्हा ओल धरू नये म्हणून काय करावे.

गोदाकाठ (नांदेड)

ताई, तुमच्या वर्णनात दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. तडे गेले ते वाळवण्याच्या घाईमुळे, आणि पाणी सुटले ते मिठाच्या स्वभावामुळे. दोहोंचा उपाय वेगळा आहे, म्हणून एकेक करून लिहितो. थोडे लांबेल.

प्रथम प्रमाण पाहू. सर्वसाधारणपणे दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि पाऊण ते एक वाटी पाणी असे घेतात. हे माप वाटीचे आहे, वजनाचे नाही, हे लक्षात ठेवावे. कारण मीठ जड असल्यामुळे दोन वाट्या मैदा आणि एक वाटी मीठ तराजूत घातले तर दोन्ही पारडी जवळजवळ सारखीच राहतात. म्हणजे कोरड्या ऐवजातला निम्मा भाग मीठच असतो. आता १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळते, त्यामुळे या कणकेतले बरेचसे मीठ विरघळू शकत नाही आणि कणांच्याच रूपात राहते. म्हणून मीठ जितके बारीक, तितका पृष्ठभाग गुळगुळीत. खडे मीठ वापरायचेच असेल तर ते मिक्सरमधून काढून चाळून घ्यावे. तरीही माझा सल्ला पुडीतल्या शुद्ध बारीक मिठाचाच राहील, आणि त्याचे कारण पुढे येईल.

पाणी एकदम ओतू नये. पाणी जितके जास्त, तितके ते पुढे बाहेर पडावे लागते, आणि ते बाहेर पडताना वस्तू आक्रसते. तडे जातात ते या आक्रसण्यामुळेच. पुरीच्या कणकेइतका घट्ट गोळा हवा. तो आठ-दहा मिनिटे नीट मळावा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवावा. मळताना मैद्यातल्या ग्लुटेनची (चिकट प्रथिनाची) जाळी तयार होते आणि कणीक एकजीव होते. मात्र मीठ इतके जास्त असल्याने ही कणीक पोळीच्या कणकेप्रमाणे ताणली जात नाही. दाबली की दाबल्या जागी राहते. नक्षीला तेच उपयोगी पडते. बेकिंग पावडर, सोडा किंवा आयता फुगणारा मैदा यांपैकी काहीही चालणार नाही, कारण वस्तू फुगून नक्षी पुसली जाते.

आता उन्हाविषयी. आपल्याकडे कडक ऊन म्हणजे उत्तम वाळवण अशी समजूत असते, आणि कुरडया-पापडांच्या बाबतीत ती खरीही आहे, कारण ते पातळ असतात आणि आतले पाणी लगेच बाहेर येते. अर्धा-पाऊण सेंटिमीटर जाडीच्या वस्तूचे तसे होत नाही. दुपारच्या उन्हात तिचा वरचा थर तासाभरात कडक होतो, आतले पाणी मात्र आतच राहते. कडक झालेला थर आक्रसू पाहतो, आतला ओला गाभा त्याला आक्रसू देत नाही, आणि ताण असह्य झाला की वरचा थर फाटतो. तुमच्या माशाच्या पाठीचे नेमके हेच झाले आहे. कडा वर वळल्या त्या प्लॅस्टिकच्या कागदामुळे. खालून हवा लागली नाही, वरची बाजू आधी वाळून ओढली गेली.

यावर उपाय असा की पहिला दिवस वस्तू घरातच, सावलीत, जाळीवर किंवा पिठाच्या मोठ्या चाळणीवर ठेवाव्यात. पंखा मंद असावा आणि त्याचा झोत थेट वस्तूंवर नसावा. चार-पाच तासांनी हलक्या हाताने पालथ्या घालाव्यात. दुसऱ्या दिवसापासून सकाळचे नऊपर्यंतचे आणि संध्याकाळचे कोवळे ऊन दाखवावे. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या वस्तूला कोरड्या हवेत तीन-चार दिवस पुरतात. पावसाळ्यात आठवडाही लागतो, आणि तो लागू द्यावा. पूर्ण वाळल्याची खूण म्हणजे वस्तू हाताला गार लागत नाही, नखाने टिचकी मारली तर टणक आवाज येतो आणि मागची बाजू मधोमध दाबली तरी दबत नाही. गार लागते आहे तोवर आत पाणी आहे असे खुशाल समजावे.

जाडी सर्वत्र सारखी ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पोळपाटाच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरवले तर लहान मुलांच्या हातूनही एकसारखी पोळी लाटली जाते. उठावाची वस्तू हवी असेल तर भरीव करू नये. आत वर्तमानपत्राचा किंवा ॲल्युमिनियमच्या फॉइलचा घट्ट बोळा ठेवून त्यावर कणकेचा थर चढवावा. दोन भाग जोडताना दोन्ही पृष्ठभाग टाचणीने खरवडून, पाण्याचे बोट फिरवून मग दाबावेत. नुसते दाबून चिकटवलेली पाकळी वाळल्यावर हमखास सुटते. बारीक तडा गेलाच तर वस्तू फेकून देऊ नये. वस्तू पूर्ण वाळू द्यावी, त्याच कणकेत थोडे पाणी घालून लापशीसारखा लगदा करावा, तो तड्यात भरून वरून ओले बोट फिरवावे आणि पुन्हा सावलीतच वाळवावे.

ओल धरण्याविषयी आणि रंग-वार्निशाविषयी संध्याकाळी लिहितो.

दुधना (परभणी)

विषय चांगला आहे आणि माहितीही उपयुक्त आहे. तरी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या भागात टँकरच्या पाण्यावर आणि रेशनच्या धान्यावर लोकांनी वर्षे काढली, तेथे वाट्या-वाट्या पीठ मिठात कालवून भिंतीला टांगायचे, हे आमच्या पिढीला पटकन पचत नाही. मुलांना पानात टाकू नका म्हणून सांगायचे आणि दुसरीकडे हे शिकवायचे, यातली विसंगती मुलांच्याही लक्षात येते. टीका म्हणून नव्हे, विचार व्हावा म्हणून लिहीत आहे.

त्यावर माझ्यापुरता मी काढलेला मार्ग असा. डब्याच्या तळाशी राहिलेला, टोके पडलेला किंवा मुदत उलटलेला मैदा यासाठी बाजूला ठेवावा आणि चाळून घ्यावा. त्याची पोळी-पुरी तशीही कोणी करणार नाही. जुने गव्हाचे पीठही चालते, फक्त त्यातल्या कोंड्यामुळे वस्तू तपकिरी आणि थोडी खरबरीत होते. चिमण्या, बैल, झाडाचे खोड यांना तो रंग शोभतो.

ज्वारीचे पीठ आपल्याकडे घरोघरी असते, म्हणून पुष्कळ जण तेच घेऊन पाहतात. त्यात ग्लुटेन नसते. भाकरीसारखे उकळत्या पाण्यात भिजवले तरी ओले असेपर्यंतच ते एकत्र राहते, वाळताना भुगा होतो. फार तर एक भाग ज्वारीला तीन भाग मैदा असे मिश्रण करून पाहावे. आणि शेतातल्या काळ्या मातीचा पर्याय कोणी सुचवण्याआधीच सांगतो: ती माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते, हे उन्हाळ्यातले कोणतेही रान पाहिले तरी कळते. नुसत्या काळ्या मातीची वस्तू मिठाच्या कणकेहून अधिक तडकेल. कुंभाराकडची मळलेली, राख-भुसा घातलेली माती मिळाली तर गोष्ट निराळी. पोळ्याच्या आधी ती मागितल्यास मुलांसाठी म्हणून सहज मिळते.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

मी प्राथमिक शाळेत हस्तकला शिकवते. वरील सगळ्यांशी सहमत आहे. अन्नाच्या मुद्द्याचाही आदर आहे, आणि म्हणूनच आम्ही पूर्ण वर्गाला एका वेळी किलोभराहून जास्त मैदा देत नाही. मुलांच्या बाजूने काही गोष्टी लिहिते.

सर्वांत आधी सुरक्षितता. ही कणीक निरुपद्रवी म्हणून सांगितली जाते, ते पूर्ण खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, आणि या कणकेच्या छोट्या लिंबाएवढ्या गोळ्यात १० ग्रॅमहून अधिक मीठ असते. चवीमुळे बहुतेक मुले थुंकून टाकतात, परंतु तेवढ्यावर विसंबून राहू नये. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती ही कणीक देऊच नये, आणि तुमच्या धाकट्यासारख्या मुलांजवळ मोठ्या माणसाने बसावे. एखाद्या मुलाने गोळा गिळलाच आणि उलट्या, अतिशय तहान किंवा सुस्ती दिसली, तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे न्यावे. हातावर खरचटलेले असेल तर मीठ चांगलेच झोंबते, त्या दिवशी त्या मुलाला साचे धरण्याचे काम द्यावे. काम झाल्यावर हात धुऊन खोबरेल तेल लावावे, नाहीतर कातडी कोरडी पडते.

अवजारे विकत आणण्याची काहीच गरज नाही. करंजीच्या कातण्याने पानांच्या कडा सुंदर निघतात. सोऱ्यात शेवेची चकती घालून कणीक दाबली की मोराचा तुरा, झाडाचे गवत, बाहुलीचे केस तयार होतात. मात्र सोऱ्या लगेच धुवावा, पितळेचा असेल तर मिठाने हिरवा पडतो. रिकाम्या रिफिलने डोळे, बाटलीच्या झाकणाने माशाचे खवले, कंगव्याने पिसे. छिद्र कणीक ओली असतानाच स्ट्रॉने पाडावे, आणि कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत. कडेच्या अगदी जवळ पाडलेले छिद्र वाळताना फाटते, आणि पाहुण्यांच्या डोक्यावर फूल पडते ते तिथूनच.

पानांचे ठसे हा मुलांचा सर्वांत आवडता भाग आहे. पिंपळाचे किंवा बेलाचे ताजे पान शिरांची बाजू खाली करून पोळीवर ठेवावे, लाटणे एकदाच फिरवावे आणि देठाकडून पान अलगद उचलावे. पिंपळाच्या पानाची शेपटीसारखी लांब टोकेरी बाजू आधी ओढली तर ठसा दुमडतो. कवडीचा ठसाही सुरेख येतो; तुळजापूरहून आणलेल्या कवड्या आमच्या भागात बहुतेक घरांत असतातच. तांड्यावरची मुले वर्गात असली की ती भरतकामातल्यासारखे गोल आरसे लावायला मागतात. आरसा कणकेत नुसता चिकटवू नये, त्याच्या भोवती कणकेची बारीक वळी बसवून ती आरशाच्या कडेवर किंचित चढवावी. कणीक आक्रसते आणि काच आक्रसत नाही, त्यामुळे वळी सैल ठेवली नाही तर ती चिरते. तूर, मूग असे दाणे दाबून नक्षी करण्याचा मोह आवरावा. ओल्या कणकेत ते फुगतात, वाळताना पुन्हा बारीक होतात आणि रंगवायच्या आधीच गळू लागतात.

विषय काय द्यावा, असा प्रश्न असतो. मी पैठणीच्या पदरावरचा मोर देते, कारण त्याच्या आकृतीत मुलांना सरळ कापता येतील असे टप्पे आहेत. अजिंठ्याच्या छतावरची कमळे आणि हंस त्यानंतर. पोळ्याला मुलांना बैल हवे असतात. चार पायांवर उभा बैल या कणकेचा करू नये, ओल्या पायांवर पोटाचे वजन बसते आणि तो रात्रीतून मांडी घालतो. बसलेला नंदी करावा, किंवा पोळीतून बैलाची बाजूची आकृती कापून तिच्यावर झूल आणि गोंडे स्वतंत्र चिकटवावेत.

आणि ताई, तोरणासाठी मुलांचे वेडेवाकडे फूल काढून टाकून तुमचे सुबक फूल त्या जागी लावू नका. आमच्या शाळेच्या प्रदर्शनात पालक रात्री जागून वस्तू ‘नीट’ करून आणतात, ते आम्हांला सकाळी दाराशीच ओळखू येते.

बालाघाट (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. प्लॅस्टिकच्या कागदाचा दोष माझ्या लक्षात आला नसता. आणखी दोन शंका आहेत. पावसाळी हवेत आठवडाभर वाळवत ठेवायला जागा आणि धीर दोन्ही कमी आहेत, तेव्हा कढईत किंवा कुकरमध्ये भाजून चालेल का? आणि मुलीने आता छोटा गणपतीही याच कणकेचा करून बादलीत विसर्जन करण्याचा आणि ते पाणी तुळशीला घालण्याचा हट्ट धरला आहे. तो पुरवावा का?

मांजरा (अंबाजोगाई)

भाजण्याविषयी लिहिते, कारण घरगुती बेकिंगच्या ऑर्डर घेते आणि मुलांच्या अशा वस्तूही कधीमधी भाजून देते.

ओव्हन असेल तर १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये. अर्ध्या सेंटिमीटर जाडीला दोन ते तीन तास लागतात, मध्ये एकदा वस्तू उलटाव्यात, आणि ओव्हन बंद केल्यावर त्या आतच निवू द्याव्यात. गरम वस्तू एकदम गार ओट्यावर ठेवली की चिरते. याहून जास्त आच दिली की आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि पृष्ठभागावर फोड येतात. शिवाय कडा बिस्किटासारख्या तांबूस होतात. तांबूस रंग आवडत असेल तर दोष मानू नये, हंडी-मडकी केली असतील तर तो शोभतोच.

कढईत भाजता येते. जाड बुडाच्या कढईत मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा दोन बोटे थर पसरून त्यावर स्टँड, स्टँडवर ताटली, आणि झाकण किंचित फटीने उघडे. अगदी बारीक आच, तीही गॅसच्या लहान शेगडीवर. झाकण घट्ट लावले तर निघालेली वाफ परत वस्तूंवरच पडते, म्हणून कुकरपेक्षा कढई बरी. कुकर वापरायचाच तर गॅस्केट आणि शिट्टी दोन्ही काढूनच वापरावा. तरीही ताज्या, ओल्या वस्तू थेट कढईत घालू नयेत. आधी एक-दोन दिवस सावलीत वाळू द्याव्यात आणि कढई केवळ शेवटच्या ओलीसाठी वापरावी, म्हणजे गॅसही वाचतो. मायक्रोवेव्हच्या वाटेला मी जात नाही, त्यात आतले पाणी झपाट्याने तापते आणि वस्तू फुगते.

आणखी एक सोय आपल्या गावांत अजून शिल्लक आहे. दिवाळीच्या आधी घरचे साहित्य देऊन नानकटाई भाजून आणतो, त्या बेकऱ्यांपैकी एखादीत ओळख असेल तर विचारून पाहावे. पाव काढून झाल्यावर भट्टी बराच वेळ कोमट राहते, आणि त्या उतरत्या उष्णतेत या वस्तू फार छान वाळतात. फक्त त्या खाण्याच्या नाहीत हे कारागिराला स्पष्ट सांगावे आणि ट्रेवर तसा कागद लावावा. नक्षीदार बिस्कीट समजून कोणी तोंडात टाकले तर पुढच्या वेळी दारात उभे करणार नाहीत.

गोदाकाठ (नांदेड)

राहिलेला भाग लिहितो.

शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की पाणी ओढून घेऊ लागते. उन्हाळ्याच्या दुपारी आपली हवा याच्या कितीतरी खाली असते, म्हणून मे महिन्यात तुमच्या वस्तू दगडासारख्या राहिल्या. पावसाळ्यातल्या सकाळी मात्र आर्द्रता मराठवाड्यातही सहज ही पातळी ओलांडते. खडे मिठात मॅग्नेशियम क्लोराईडसारखे क्षार राहिलेले असतात, आणि ते याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतच पाझरू लागतात. शुद्ध मीठ घ्यावे म्हणालो ते याच कारणासाठी. पांढरी पूड म्हणजे बुरशी नव्हे. पाणी ओढणे आणि पुन्हा सुकणे हे चक्र चालू राहिले की विरघळलेले मीठ पृष्ठभागावर येते आणि तेथे त्याचे स्फटिक बनतात. ते रंगाला आतून ढकलतात, म्हणून रंगाचे पापुद्रे सुटतात. खरी बुरशी या कणकेवर सहसा येत नाही, मिठामुळेच.

हे थांबवायचे तर हवा आणि वस्तू यांच्यामध्ये आड पाहिजे. वस्तू पूर्ण वाळल्यावर पोस्टर रंगाऐवजी ॲक्रिलिक रंग द्यावा, आणि त्यावर पारदर्शक वार्निशचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. पुढची बाजू चकचकीत करून मागची कोरी ठेवण्याची पद्धत आहे, तिचा काही उपयोग होत नाही. मागची बाजू, कडा आणि दोऱ्याचे छिद्र आतून, हे सगळे झाकले गेले पाहिजे. तुमचे फूल छिद्रापाशीच गळाले, कारण तेथे रंगही पोहोचलेला नव्हता. पाणी घातलेला फेविकॉल पुष्कळ जण वापरतात, तो कोरड्या दिवसांत ठीक आहे, परंतु दमट हवेत पुन्हा चिकट होतो. वार्निश मोठ्या माणसाने, उघड्या जागी लावावे. आणि ओल आत असताना वार्निश लावले तर ती आतच कोंडली जाते, मग वस्तू आतून मऊ पडते. म्हणून टिचकीची परीक्षा आधी. हळद-कुंकवाचा रंग मुलांना आवडतो, पण हळद उन्हात उडून जाते आणि बीटाचा रंग काही दिवसांत मातकट होतो. आराशीच्या तीन दिवसांपुरते चालेल.

आराशीत या वस्तू ओल्या फुलांच्या वेण्यांना, केळीच्या खांबांना आणि समयांना लागून ठेवू नयेत. याच कणकेच्या पणत्या करून त्यांत तेल-वात घालण्याची कल्पना दिवाळीत कोणाला तरी सुचतेच; तेल पिठात मुरते आणि पणतीच पेट घेऊ शकते, तेव्हा ते करू नये. सण झाल्यावर वस्तू जुन्या कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवाव्यात. नव्या चपला-बॅगांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाकाव्यात, मात्र त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

आता गणपती. मुलीचा हट्ट समजण्यासारखा आहे, तरी हा बेत टाळावा. विसर्जनापुरता गणपती मूर्तीसारखा भरीव करावा लागेल, म्हणजे तो चतुर्थीपर्यंत आतून वाळणार नाही. आणि वितळला की बादलीत मिठाचे पाणी उरेल. ते तुळशीला घातले तर तुळस जळेल आणि कुंडीतली माती पुढच्या रोपालाही उपयोगाची राहणार नाही. अंगणात, विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावरही ते ओतू नये. गणपती शाडूचा करावा आणि त्याच्यामागची प्रभावळ, मोदकांचे ताट, उंदीर हे मिठाच्या कणकेचे करून वर्षभर ठेवावे, यात तिचाही मान राहील.

उरलेल्या कणकेचेही तेच. ती हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली तर चार-पाच दिवस वापरता येते. पाणी सुटून चिकट झाली तर कोरडा मैदा लावून पुन्हा मळावी. त्यानंतर ती टाकायची असेल तर कागदात गुंडाळून कचऱ्यातच टाकावी. उरलेली कणीक सवयीने गायीपुढे ठेवली जाते किंवा कुत्र्याला टाकली जाते, आणि वासावरून ती खातातही. इतके मीठ एका वेळी पोटात गेलेल्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून तुमच्या घरी जो कोणी ओटा आवरत असेल त्याला हे आधीच सांगून ठेवा.